एका ओचे मोर अन् आमचे मोरे

सगळ्यात आधी टपकली ती समोरची कुसुम. पाहुणे विमानातनं उतरून शहरात कुठंतरी फिरत होते, आमच्या दाराशी अजून यायचे होते, त्याआधीच ही हजर. निमित्त काय, तर माझा डबा परत करायचा. डबा दिवाळीतला. संक्रांत होऊन गेली, तिळगूळ वाटून झाला, तोवर तिला डब्याची आठवण नाय, अन् नेमकी त्याच सकाळी झाली.

"काकू, तुमच्याकडं इंग्रज येणार म्हणं," कुसुम म्हणाली. "मला काय करायचंय त्यांच्याशी. मी आपली डबा द्यायला आले."

अन् खुर्चीत अशी बसली की जेवणं होईस्तोवर उठली नाय. बरं झालं म्हणा. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीला पुढं जे काय कळलं ते तिच्याकडनंच कळलं, मला वेगळं सांगत फिरावं लागलं नाय.

पाहुणे कुठं अडकले ते आधी सांगते, तुमच्यापैकी कुणी परदेशी माणूस घरी बोलवणार असाल तर उपयोगाला येईल. माझी नात मयुरी त्यांना आणायला विमानतळावर जाणार होती, पण तिची गाडी ऐनवेळी चालू होईना. पाहुणा म्हातारा फोनवर म्हणाला, काळजी नको, आम्ही रिक्षानं येतो. बाहेर येऊन त्यानं रिक्षावाल्याला आडनाव सांगितलं, अन् यांच्याकडं ने म्हणाला. आडनाव काय, तर मोर. रिक्षावाला हुशार. गोरा माणूस आलाय, मोर मोर करतोय, म्हणजे याला मोर बघायचाय. त्यानं दोघा बापलेकींना सरळ नेऊन प्राण्यांच्या बागेपाशी उतरवलं अन् वर म्हणाला, "साब, अंदर मोर भी है, शेर भी है. आराम से देखो, मैं रुकता."

म्हातारा आत जाऊन मोर बघून आला. इतक्या लांबनं आलाय, सोडतो कशाला. मग मयुरीनं फोनवर रिक्षावाल्याला पत्ता समजावला तेव्हा वरात घरी आली. तर सांगायचं ते हे, की पाहुण्याला पत्ता मराठीत लिहून द्या, अन् भाडं बसायच्या आधी ठरवा. शहराचं नाव जुनं सांगा की नवं सांगा, रिक्षावाल्याला दोन्ही कळतात. आडनावाचा तेवढा भरवसा नाय.

आता हा मोर आमच्याच घरी का आला. हा ब्लॉग मला मयुरीनं काढून दिला. मी चौथी शिकलेली, लिहिते एका बोटानं. तिनं फक्त काना-मात्रा सुधारायच्या, माझी अक्कल सुधारायची नाय, असं आमचं ठरलंय. वर नाव मात्र तिनं इंग्रजीत घातलं, मोरे आज्जी. इंग्रजीत मोरे लिहायचं म्हणजे एम, ओ, आर, ई. हीच चार अक्षरं इंग्रजांच्यातही आडनाव म्हणून असतात. फक्त ते शेवटचं अक्षर गिळतात अन् म्हणतात मोर. आम्हाला काय माहीत.

तर मागच्या दसऱ्याला ब्लॉगवर पत्र आलं. 'मी लेनर्ड मोर, एका ओचा. माझ्या पणजोबांचा भाऊ तुमच्या छावणीत फौजेत होता, तो परत आला नाही. तुम्ही त्याच्या वंशातल्या का?' मयुरी कामाच्या घाईत होती. तिनं उलट कळवलं, 'आम्ही मोरे पहिल्यापासनं इथलेच.' झालं. म्हाताऱ्यानं त्याचा अर्थ त्याला पाहिजे तसा लावला. पहिल्यापासनं म्हणजे त्या फौजीपासनं. मग त्यानं संगणकावर आमच्या शहरातले एम ओ आर ई शोधले. अन् काय सांगू, डॉक्टर मोरे, वकील मोरे, मोरे टायर, मोरे मंगल कार्यालय. त्याला वाटलं, एक भाऊ हरवला अन् त्यानं अख्खं शहर भरून टाकलं. मयुरीला त्याचं आनंदाचं पत्र आलं तोवर त्यानं तिकीट काढलं होतं.

दारात आला तेव्हा चांगला उंच, जरा वाकलेला, डोक्यावर टोपी. टोपी काढून मला म्हणाला, "मिसेस मोर."

कुसुम पदरात तोंड घालून म्हणाली, "काकू, लांडोर झालात हो तुम्ही."

त्याची लेक रूथ, पन्नाशीची असंल, केस बारीक कापलेले, दमलेला पण चांगला चेहरा. तिचं आडनाव बर्ड. मयुरीनं सांगितलं, बर्ड म्हणजे पक्षी. म्हणजे मोराची पोर लग्न करून नुसता पक्षी झाली. पुढं नवरा दुसरीकडं उडून गेला, आडनाव तेवढं हिच्याकडं ठेवून. नवरे लोक जाताना जड सामान कधी नेत नाय.

जेवायला पिठलं, ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत अन् ठेचा. रूथनं ठेच्याला बोट लावलं अन् तांब्याभर पाणी प्याली. म्हाताऱ्यानं मात्र ठेचा भाकरीवर पसरून खाल्ला, डोळ्यांतनं पाणी गळत होतं तरी थांबला नाय. त्याला वाटत असंल, आपल्या घराण्याची चव आहे, घाबरून कसं चालंल.

जेवताना त्यानं सगळं समजावून सांगितलं, मयुरी मराठीत करत होती. इंग्लंडात मोर आडनाव लई. पण ते दोन ओचे, म्हणजे एम, ओ, ओ, आर, ई. आपल्याकडं जसे पाटील अन् शिंदे, दगड भिरकावला तर एकाला तरी लागणार, तसे ते दोन ओवाले. एका ओचे पहिल्यापासनं थोडे, अन् दिवसेंदिवस आणखी थोडे होत चाललेत. का, तर मरत नायत, दोन ओत जातात. शाळेत मास्तर दोन ओ लिहितो, बँकवाला दोन ओ लिहितो, दवाखान्यातली पोरगी दोन ओ लिहिते. माणूस दहादा सांगतो, बाई एकच ओ, अन् अकराव्या वेळी म्हणतो, मरू दे, लिही दोन.

"माझ्या सख्ख्या भावानं तेच केलं," लेनर्ड म्हणाला. "त्याच्या पोरांनी आता दारावर दोन ओची पाटी लावलीय."

हे त्यानं असं सांगितलं की जसा भाऊ तुरुंगात गेलाय. मी मयुरीला म्हणलं, त्याला सांग, आमच्याकडं भावाभावांत बांधावरनं डोकी फुटतात, एका गोलावरनं अजून तरी कुणाचं फुटलं नाय. मयुरीनं काय सांगितलं कोण जाणे, तो मान हलवून म्हणाला, "बरोबर, तुम्हाला समजलं."

मग मुद्द्यावर आला. त्याच्या घरात एका ओचा तो शेवटचा. त्याला एवढी एकच लेक. तिनं परत मोर व्हावं, निदान कागदावर, म्हणून तो किती दिवस तिच्या मागं लागलाय. अन् ती नाय म्हणते.

रूथ भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "बाबा, माझी पदवी बर्ड नावानं, घर बर्ड नावानं, पोरं बर्ड. मी आता एका अक्षरासाठी सगळ्या दारांत उभी राहू का?"

म्हातारा माझ्याकडं बघून हसला अन् म्हणाला, "जाऊ दे. इथं आहेत ना एवढे."

मी मोरीवर हात धुवायच्या निमित्तानं मयुरीला ओढलं. "त्याला सांग की गं, आपण ते नाय म्हणून."

"तू सांग," मयुरी म्हणाली. "ब्लॉग तुझा."

"पत्र तू धाडलंस."

"आज्जी, तो बघ कसा बसलाय. माझ्यानं नाय व्हायचं."

बघितलं तर म्हातारा आमच्या ह्यांच्या फोटोखाली बसून, खालच्या नावावरनं बोट फिरवत होता. ठरवलं, उद्या सांगू. तसंही शुभकार्याला उद्याच बरा असतो.

नावाचं मला विचाराल तर मी काळ्यांची यमुना. लग्नात परातभर तांदूळ आणले, ह्यांनी त्यात अंगठीनं सुशीला लिहिलं, अन् वरचं-खालचं सगळं बदललं. एका ओचा प्रश्नच नाय, अख्खी यमी गेली. कुणी रडलं नाय. मला तर भूक लागली होती, मी त्या तांदळाकडं बघत होते. आता मयुरीनं जाहीर केलंय, लग्न झालं तरी मोरेच राहणार. स्थळ अजून एकही आलेलं नाय, पण आडनावाचा निकाल लागलेला आहे.

दुसऱ्या दिवशी छावणीत गेलो. गाडी चालू झाली, मेकॅनिकनं नुसतं बॉनेट उघडून परत लावलं अन् पैसे घेतले. छावणीचा रस्ता चांगला, झाडी लई, सकाळी जा म्हणजे ऊन लागत नाय. जुन्या गोऱ्या लोकांच्या कबरी तिथं आहेत. सपाट चपला घालून जाऊ नका, गवतात काटे आहेत. मी गेले अन् दोन्ही पायांनी भोगलं.

लेनर्ड एकेक दगड वाचत चालला. रूथ मागनं पाण्याची बाटली घेऊन. कुणाचं बाळ तापानं गेलेलं, कुणाची बायको, कुणी नुसताच शिपाई, नाव झिजून गेलेलं. पोरं आई-बापाच्या गावापासनं किती लांब येऊन पडलीत, मला वाईट वाटलं. मी वाटेतनं आणलेली झेंडूची फुलं ज्याचं नाव वाचता येत नव्हतं त्याच्यावर ठेवली. त्याचं तरी कोण येणार.

तेवढ्यात रूथनं हाक मारली. एका दगडावर मोर होतं. म्हातारा टोपी काढून लगबगीनं गेला, वाकला, अन् सरळ झाला.

"दोन ओ," म्हणाला. "हा आमचा नाही." अन् टोपी घालून पुढं निघाला.

मी बघतच राहिले. मेलेला माणूस, ओळखीचं आडनाव, पन्नास पावलांवर दुसरा मोर नाय, तरी एका गोलासाठी भाऊबंदकी. मी मयुरीला म्हणलं, हा इंग्रज असेल तर असू दे, पण नाळ कुठल्या तरी आपल्याच गावात पुरलीय याची.

पणजोबांचा भाऊ काय सापडला नाय. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन तो परत आला, अन् कोपऱ्यातल्या कट्ट्यावर टेकला. मी सांगणारच होते, अगदी तोंड उघडलं होतं. तो म्हणाला, "काही हरकत नाही. मेलेला नाही सापडला तर जिवंत तर सापडले." मी तोंड मिटलं अन् त्याला तिळाची वडी दिली.

येताना छावणीच्या बाजारात औषधाच्या दुकानी थांबलो, त्याच्या गुडघ्याला मलम पाहिजे होतं. दुकानदारानं बिलासाठी नाव विचारलं. म्हातारा म्हणाला, मोर. त्यानं खाली मान घालून इंग्रजीत खरडलं, मलम पिशवीत टाकलं अन् ओरडला, "मोरे, घ्या तुमचं." तर दुकानातले आणखी दोघं पुढं झाले. लेनर्डनं बिल हातात घेतलं, चांगलं दोनदा वाचलं, घडी करून आतल्या खिशात ठेवलं. मला वाटलं, मलमाचं बिल जपून ठेवतो, चांगला कंजूस दिसतोय. परतीच्या वाटेवर त्याला नान-खलिया, म्हणजे नान अन् मटणाचा रस्सा, खायचा होता. आम्ही बापलेकीला हॉटेलात बसवलं, मी माळकरी म्हणून बाहेर चहा प्याले अन् आतनं येणारा वास फुकट घेतला.

तिसऱ्या दिवशी आमच्या सासरच्या गावी, बोरखेड्याला. अजिंठ्याच्या अलीकडं आत जावं लागतं. सकाळी लौकर निघा, फुलंब्रीला चहा घ्या, सिल्लोडला मिरचीच्या गाड्या आडव्या येतात तिथं वेळ जातो. लेण्या बघायच्या असतील तर सोमवारी जाऊ नका, बंद असतात, अन् फाट्यावर गाडी ठेवून पुढं त्यांच्या बसनं जावं लागतं. सगळी दुनिया त्यासाठीच येते. आमच्या पाहुण्याला मयुरीनं विचारलं तर म्हणाला, "लेण्या कुठं जात नाहीत, आधी माणसं बघू." जगात पहिला माणूस असंल, अजिंठ्याजवळ जाऊन बोरखेडं बघणारा.

गाडीत मी मयुरीला म्हणलं, गावात पोचायच्या आत सांगू. ती म्हणाली, फुलंब्रीला सांगू. फुलंब्रीला चहा गरम होता. सिल्लोडला गर्दी होती. तेवढ्यात गाव आलं.

गावात माझे दीर, नामदेव भाऊजी. त्यांनी देवळाच्या भोंग्यावरनं पुकारा केला होता, मोऱ्यांचा पाहुणा विलायतेहून येतोय, सगळ्यांनी पारावर जमावं. सगळे म्हणजे सगळे जमले. कामाला बोलवलं असतं तर निम्मे दिसले नसते. ज्वारीचा हुरडा भाजायला घेतला होता, गोवऱ्यांचा धूर, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरड्यासाठी यायचं तर पौषातच या, नंतर दाणा कडक होतो.

लेनर्ड मध्ये खुर्चीवर. त्यानं मयुरीकरवी विचारलं, इथं मोर किती जण आहेत, हात वर करा. मयुरीनं माझ्याकडं बघितलं अन् विचारलं, "मोरे कोण कोण?" सगळ्यांचे हात वर. म्हाताऱ्या वर, पोरी वर, बैल घेऊन चाललेला गणपत थांबून वर. कुंभारवाड्यातल्या गायकवाडानंही अर्धा वर केला, म्हणाला, "मी नाय, पण माझी आई मोऱ्यांची." म्हातारा खुर्चीतनं उठला. ते सगळे हात बघत नुसता उभा राहिला. फोटो काढायचं विसरला.

तिकडं नामदेव भाऊजींच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"वहिनी, हा पणजोबाचं नाव काढतोय म्हणं?"

"पणजोबाच्या भावाचं."

"म्हणजे भाऊबंद. अन् इतकी वर्षं गप होता. आता कशाला आला?"

"तुम्हाला काय म्हणायचंय, भाऊजी?"

"सातबारा मागायला तर नाय ना आला?" भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले. "ओढ्याकाठच्या तुकड्यावर आधीच तिघांचं नाव आहे."

मी कपाळावर हात मारला. विलायतेतनं माणूस येणार, अन् ओढ्याकाठचा खडकाळ तुकडा घेऊन जाणार. पण भाऊजींना धीर कुठला. ते परत गेले, खुर्ची ओढली अन् लेनर्डला रोखठोक विचारलं, "तुमचं देवक कोणतं?"

मयुरीला देवकाचं इंग्रजी येईना. ती म्हणाली, तुमच्या घराण्याची खूण काय, लग्नात पुजतात ती. लेनर्डनं विचार केला अन् म्हणाला, तसं काही नाही, एक ओ हीच खूण. भाऊजींना एवढंच पाहिजे होतं. त्यांनी देवळातनं मोराचं पीस आणून समोर धरलं अन् नातवाच्या शाळेतलं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी काढलं.

"आमचं देवक हे. यू मोर. वी मोरे. नो सेम. नो लँड."

हुरडा भाजणाऱ्या बाईचा हात थांबला. जे मी उस्मानपुऱ्यापासनं गिळत आणलं होतं ते भाऊजींनी सातबाऱ्याच्या भीतीनं एका दमात ओकलं. मयुरीनं डोळे मिटून घेतले. मी लेनर्डकडं बघायचं टाळलं, मग बघितलं.

तो हसत होता. म्हणाला, "मला माहीत आहे."

मयुरीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं अन् सावकाश मराठीत केलं. कालच त्याला कळलं, औषधाच्या दुकानात. दुकानदारानं मोरे म्हणून हाक मारली अन् आणखी दोघं वळले, तेव्हा. हे आडनाव दुसरं आहे, लिहायला तेवढं सारखं. मग त्यानं खिशातनं ते मलमाचं बिल काढलं.

"जन्मभर मी आडनाव सांगितलं की पुढं सांगत आलोय, एकच ओ," तो म्हणाला. "त्या माणसानं मला विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्यानं बरोबर लिहिलं. म्हणून म्हटलं, जिथं सगळ्यांचंच असं लिहितात ते गाव बघून तर जावं. जमीन मला नको."

नामदेव भाऊजींनी शेवटचं तेवढं नीट ऐकलं. त्यांचा चेहरा उजळला, अन् लगेच पाहुण्याला दुसऱ्यांदा गूळ द्या म्हणून ओरडले. मोराचं पीसही देऊन टाकलं. वाटणी टळली की माणूस दिलदार होतो.

म्हाताऱ्यानं पीस हातात धरलं, अन् हळूच म्हणाला, "माझ्यानंतर मात्र ते 'एकच ओ' सांगायलाही कुणी नसेल." रूथ ओढ्याकडं बघत उभी होती. तिला ऐकू गेलं. तिनं ओठ आवळले.

मला राहवलं नाय. मी भाऊजींना विचारलं, "त्यानं वाटा सोडला ना?"

"सोडला," भाऊजी म्हणाले.

"मग त्याच्या लेकीला लेक म्हणायला काय जातंय आपलं? आपल्या लेकी तरी वेगळं काय करतात. हक्कसोडावर अंगठा देतात अन् चोळीचा खण घेऊन जातात. ही तर सोडूनच आलीय. संक्रांतीचे दिवस आहेत, ओटी भरा तिची."

माझी जाऊ पारू, म्हणजे भाऊजींची बायको, सूप घेऊन उठली. एक म्हातारी कुजबुजली, नवरा सोडून गेलाय ना हिला, मग ओटी कशी भरायची. मी म्हणलं, माहेरवाशिणीची ओटी माहेर भरतं, नवरा कुठनं आला मध्येच? अन् सूप पारूच्या हातातनं घेऊन पहिली ओंजळ मीच घातली. मला येऊन विचारावं कुणी, तुम्ही कुंकवाच्या नाय, तुम्ही कशी भरली. कुणी विचारलं नाय. वयाचा एवढा तरी फायदा असावा.

रूथच्या अंगात पँट. पदर आणायचा कुठनं. मयुरीनं आपली ओढणी तिच्या कमरेला बांधून झोळी केली. गहू, खण, नारळ, सुपारी. रूथला काय चाललंय कळत नव्हतं, पण ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, सांडू द्यायचं नाय हे तिला न सांगता कळलं. पारूनं कुंकू लावलं अन् सगळ्या माहेरवाशिणींना विचारतात तसं विचारलं, "कुणाची गं तू, बाई?"

मयुरीनं अर्थ सांगितला. मी मयुरीला म्हणलं, तिला आणखी एक सांग. कागदावर बर्ड राहू दे, कुठल्या दारात उभं राहायचं काम नाय. मी शहरात मोरेकाकू, बँकेत सुशीला. पण माझ्या माहेरच्या शिवेत पाय टाकला की काळ्यांची यमी, माझा भाऊ अजून यमेच म्हणतो. माहेरी कागद कुणी बघत नाय.

मयुरीनं सांगितलं. रूथनं तिला परत काहीतरी विचारलं, मग बापाकडं न बघता पारूला म्हणाली, "मोरची."

"मोरची नाय बाई," पारू म्हणाली, "मोऱ्याची."

"मोऱ्याची," रूथ म्हणाली.

लेनर्डनं मयुरीला विचारलं, ती काय म्हणाली. मयुरीनं त्याच्या कानाशी सांगितलं. त्यानं टोपी काढली, परत घातली, परत काढली. मग भाऊजींना म्हणाला, हुरडा आणखी आहे का. होता. लई खाल्ला त्यानं. परतताना सिल्लोडपर्यंत त्याचं पोट दुखलं, तेव्हा हुरड्यावर पाणी पिऊ नका, ताक प्या, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी ते गेले. ह्या खेपेला विमानतळावर मयुरीनंच सोडलं, वाटेत मोर लागला नाय. कुसुम निरोपाला आली होती, आपला डबा घेऊन, रिकामा. म्हणाली, "काकू, मग ते नात्यात नायतच का तुमच्या?" मी म्हणलं, "तसे नायत." तिला वाईट वाटलं. गल्लीत ती अजून आहेत म्हणूनच सांगते.

घर आता परत होतं तसं झालंय. मागं राहिलं ते थोडंच. पाहुण्याचं मलम न्हाणीच्या कोनाड्यात राहिलं, माझ्या गुडघ्याला लागू पडतंय. अन् मला एक खोड लागलीय, दुकानात, दवाखान्यात, जिथं नाव लिहितात तिथं वाकून बघायची. सगळे बरोबर लिहितात. पूर्वी कधी लक्षात आलं नाय की ह्यातही काही सुख आहे. म्हणून सांगते, तुमचं आडनाव न विचारता कुणी नीट लिहीत असंल तर फार कुरकुर करू नका.

रूथनं परवा मयुरीला कळवलं. तिनं कागदावर काही बदललं नाय, बर्डच आहे. पण दारावरच्या पाटीखाली मोराचं पीस खोचलंय, अन् पोरांनी विचारलं तर सांगते, मी मोऱ्याची. त्यांना तो शब्द म्हणता येत नाय म्हणं. येईल.

निघताना तिनं मला विचारलं होतं, माहेरवाशिणी परत कधी येतात. मी म्हणलं, पंचमीला, झोके बांधतात. म्हातारा म्हणाला, तोवर असलो तर मीही. मी म्हणलं, असायचं, लेकीला एकटीला धाडत नसतात. भाऊजींनी ओढ्याकाठच्या लिंबाला दोर बांधायचं कबूल केलंय, त्याच तुकड्यावरचा लिंब.

तर पंचमीला येतो म्हणालेत दोघं. औंदाची पंचमी सोमवारची आहे. म्हणजे लेण्या बंद, ह्याही खेपेला राहिल्याच.